लिंबू पिळलेला मासा

पांगनिर्तुंग,
९ मे

धाकट्या ओलीपीकाला थोरलीचं पत्र.

इकडे सगळे बरे आहेत. खाडीवरचा बर्फ अजून धरून आहे. काल वरच्या तळ्यावर भोक पाडून बसले, सात मासे मिळाले. पाच वाटून टाकले, दोन आम्ही खाल्ले. गुडघे दुखतात, पण ते काही नवीन नाही.

पत्रास कारण तूच दिलंस. तुझं पाकीट पोचलं. आतलं तुझ्या हॉटेलवरचं पेपरचं कात्रण तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना चहा उतू गेला. "ताज्या माशाचं इनुइट सॅलड, आमच्या घरची परंपरा." परंपरा! अगं, आपल्या घरात सॅलड कधी होतं? जमिनीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मासा, भोवती आपण सगळे, आणि ज्याची अर्धगोल सुरी, ज्याची उलू, त्याच्या हातात. आई लिंबू कुठून आणणार होती, हिमनगावरून? आणि फोटोत तू उलू धरली आहेस ती उलटी. हसू नकोस, खरंच उलटी. पात्याची धार तुझ्या पोटाकडे आहे.

तेही सोडून दिलं असतं. पण खाली लिहिलंय, "आईच्या शेवटच्या दिवसांत मीच तिला हे करून भरवायचे." आणि सोबतच्या चिठ्ठीत मला विचारतेस, "ताई, पदार्थाला आईचंच नाव देतेय, काउनाक. हरकत नाही ना? तिचा एखादा फोटो पाठव, हॉटेलच्या भिंतीवर लावते."

हरकत आहे. आईचं नाव रिकामं पडलेलं नाही. आई गेली त्याच हिवाळ्यात माझ्या लेकीला मुलगी झाली, तिला आपण ते दिलं. आता तीच काउनाक, तीच आई. अख्खं गाव तिला तसंच मानतं. माझी स्वतःची लेक तिला "आजी, नाक पूस" म्हणते. तू मात्र फोनवर तिला "बाळा" म्हणालीस. ती दिवसभर फुरंगटून बसली होती. आणि आता तेच नाव तू काकडीच्या फोडींना देणार?

ते सॅलड कसं झालं ते आता माझ्याकडून ऐक, कारण तू तिथे नव्हतीस.

ओटावाच्या त्या इस्पितळात आईने ताटातल्या कशालाही हात लावला नाही. "मासा दे," एवढंच म्हणायची. इथून कोणीतरी विमानाने गोठवलेला मासा पाठवला. मी तो डब्यात घेऊन गेले, तर नर्स दारातच आडवी. "कच्चं चालणार नाही, बाई. नियम आहे." मी खाली कँटीनमध्ये जाऊन सॅलडचा एक वाडगा आणला. माशाचे बारीक तुकडे केले, पाल्याखाली दडवले, वरून लिंबू पिळलं. लिंबाने मासा वरून पांढुरका पडतो, शिजल्यासारखा दिसतो. नर्स आली. "हे काय?" मी म्हटलं, "सॅलड." माझ्या मोडक्या इंग्रजीत तेवढंच सुचलं. "अरे वा! पालाभाजी पोटात जायलाच हवी त्यांच्या," म्हणत ती खूश होऊन गेली.

आईने पहिला घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कशात बुडवलास गं हा? आणि हा पाला कशाला? ससा आहे का मी?" मग पाला मी खाल्ला, मासा तिने. रोज असंच. हे तुझं सॅलड, ओलीपीका. एक चोरी होती ती, आणि चोर मी होते.

एकोणीस दिवस. तुझ्या घरापासून दोन बस बदलल्या की इस्पितळ. "उद्या येते ताई, आज कामावर सुट्टी नाही." रोज उद्या! मला माहीत आहे तू का येत नव्हतीस. इतकी वर्षं तिकडे राहून तुझी भाषा गेली होती. आई काही बोलेल आणि तुला कळणार नाही, याची भीती वाटत होती तुला. वाटली असेल. पण घास भरवायला कुठली भाषा लागते गं? तू आलीस ती फुलं घेऊन, आई गेल्यावर. माझा अजून संताप होतो.

आता जे चार वर्षं कोणाला सांगितलं नाही, ते सांगते.

शेवटी शेवटी आईची नजर गेली होती. दोन दिवस पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. मी तुकडा ओठांशी नेला. तिने विचारलं, "कोण? ओलीपीका आली का?" मी म्हटलं, "नाही आई, मी लीटिया." तिने तोंड मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली. एकोणीस दिवस उशाशी बसलेली मी, आणि माझ्या नावावर तिने तोंड मिटलं! तिने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हो आई, ओलीपीकाच. आत्ताच आले."

तिने लगेच तोंड उघडलं. चार तुकडे खाल्ले, लिंबासकट, कुरकुर न करता. माझा हात चाचपून म्हणाली, "माझ्या धाकटीच्या हाताला चव आहे." माझ्या हाताला ती असं जन्मात कधी म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

म्हणून तुझं ते कात्रण फाडायला घेतलं आणि फाडता आलं नाही. तू धडधडीत खोटं बोललीस. पण आईला विचारलं असतं, तर तिने तुझ्याच बाजूने साक्ष दिली असती.

नाव लाव, आईला ते आवडलं असतं. फोटो मात्र देणार नाही, तो माझ्याकडे राहील. आणि पुन्हा कोणी विचारलं की आईला शेवटचा घास कोणी भरवला, तर तेच सांग, ओलीपीकाने. मीही इथे सगळ्यांना तेच सांगितलं आहे.

तुझं नाव घेऊन आईला जेवू घातलेली,
तुझी ताई,
लीटिया