ओढून घेतलेला पाय

चि. सौ. माया हिस,

लिंबाजी आजोबाचा आशीर्वाद. त्या दिवशी द्यायचा राहून गेला, तोच हा.

लग्नानंतर घरात आलीस, माझ्या पाया पडायला वाकलीस आणि मी पाय ओढून घेतला. माझी बहीण दगडाबाई लगेच बोलली, "म्हाताऱ्याला परजातीची नातसून पटली न्हाई." तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. तेव्हापासून झोप नाही.

बाई, जातीचं काही नव्हतं. माझ्या उजव्या अंगठ्याला गाऊट आहे. सुजला की धोतराचा काठ लागला तरी जीव जातो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुझ्या नवऱ्यानं, समाधाननं, आधीच दम दिलेला, "आबा, पुन्हा पाय दुखला तर उचलून पुण्याला नेतो बघा." म्हणून गप्प बसलो.

मी तुमच्याकडे पुण्याला येणार नाही. मांजरसुंब्याच्या डॉक्टरची गोळी घेतो, मटण सोडलंय, तांब्या तांब्या पाणी पितो, फडक्यात बर्फ धरून पाय उशीवर ठेवतो. यात काही चुकत तर नसेल ना, अशी धाकधूक असते. असू दे.

हे पत्र टाकलं तर समाधान वाचेल आणि गाडी घेऊन येईल, म्हणून टाकत नाही. पण दसऱ्याला तू सोनं द्यायला येशील तेव्हा दगडाबाईसमोर दोन्ही पाय पुढे करीन. अंगठा सुजलेला असला तरी. तू खुशाल डोकं टेकव. मी ओरडलो तर समाधानला कळेल. कळू दे, त्याच्याशी मी भांडेन. पाय मात्र मागे घेणार नाही.

तुझा आजेसासरा,
लिंबाजी