चेकनटला बांधलेला लाल दोरा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

हे पडले! आज पुन्हा पडले. गल्लीच्या तोंडाशी, सगळ्या रिक्षावाल्यांसमोर. पायडल मारलं तर पायडल नुसतंच गरागरा फिरलं, चाक आपलं जागच्या जागी. कोपर सोललं. चष्म्याची काडी गेली. मी धावत गेले तर हे खाली बसल्या बसल्या म्हणतात, "सायकलला लागलं का बग आदी."

सायकलला! मेली ती सायकल!

रात्रीपर्यंत थांबायला नको म्हणून अंबिकानेच सुयोगला फोन केला. शेजारीण असावी तर अशी. लेक तिकडून ओरडतोय, "आई, बास झालं. ते भंगार भंगारात दे. पप्पांना घेऊन माझ्याकडे पूनम सागरला ये. लिफ्ट आहे, व्हीलचेअर घेऊ." मी म्हटलं, मला महिना दे. तो म्हणाला, दोन फेब्रुवारीला रविवार आहे, गाडी घेऊन येतो. तोवर सायकल धड झाली तर ठीक. नाहीतर सायकल जाणार आणि तुम्ही दोघं माझ्याकडे.

व्हीलचेअर म्हणे. एकदा बसलेला माणूस उठतो का कधी?

मंगळवार, ७ जानेवारी

झोप नाही. ब्लाउजांची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानांवर हे लिहीत बसलेय. कोणाला सांगणार?

दीड वर्ष झालं यांना कंपवात होऊन. हात थरथरतात ते सोडा. पाय! उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे. पाच-पाच मिनिटं उभे. मी म्हणते उचला, ते म्हणतात, "उचलतंय गो, उचलत न्हाय." पण पडवीच्या पायरीवर उभं करून सायकल पुढे धरली, टांग टाकून दिली की माणूस सुटला! तोच माणूस! व्यायाम शिकवायला येते ती संचिता म्हणाली, "काकी, असे पेशंट असतात. चालता येत नाही, पण सायकल येते. जोवर येतेय तोवर चालवू दे. तुम्ही सोबत राहा."

जोवर येतेय तोवर. हे तीन शब्द डोक्यातून जात नाहीत.

आणि चालते ती हीच. रॅले. सासऱ्यांना मिठागराच्या ऑफिसातल्या साहेबाने जाताना दिलेली, इंग्लंडची, मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबवर ६२ साल ठोकलेलं. सुयोगने मागे एकवीस गिअरची नवी आणली होती. तिचा गिअर चालत्या गाडीतच पडतो. हे थांबले की अडकलेच. रॅलेचे गिअर तीनच, पण हबच्या पोटात. उभ्या उभ्या पहिला टाका आणि निघा. यांच्यासाठी तेच तर पाहिजे!

दुपारी चाक घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. तो म्हणतो, "भाभी, पिछले महीने तो ग्रीस ठूँस के दिया था, एकदम फुल." मी कपाळाला हात लावला. ग्रीस! अरे, इथल्या सगळ्या सायकलींना ग्रीस भरतात म्हणून हिलाही भरलंस? हबला तेल घालायचं बारीक झाकण आहे, ते काय शोभेला आहे? तेहतीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय मी. बारीक दाते फिरतात तिथे थेंबभर तेल, ग्रीस कधीच नाही. "अंदर के कुत्ते फँस गए होंगे," म्हणाला. कुत्ते म्हणजे चाकाला धरणारे आतले छोटे दाते. ते ग्रीसमध्ये चिकटले, उठेचनात, म्हणून पायडल मोकळं फिरलं. "मैं नहीं खोलता ये," म्हणाला आणि चाक परत दिलं.

ठीक. मी खोलते.

गुरुवार, ९ जानेवारी

खोलला! हे खुर्चीवर, मी खाली चटईवर, मध्ये जुन्या साडीवर हबचा कोथळा. यांना सगळं पाठ. बोट दाखवायला गेले की बोट नाचतं, म्हणून तोंडाने सांगतात. "उजव्या बाजूला हात नको लावू, ते कारखान्यातून बसून येतं. डावीकडून सोड." सोडलं. रॉकेल नाही मिळत हल्ली, पेंटवाल्याकडून टर्पेंटाइन आणलं. ग्रीस निघालं ते काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं.

दात्यांच्या स्प्रिंगा! केसाएवढ्या बारीक! यांच्या हातात एक दिली, ती उडाली. बघत राहिले स्वतःच्या हाताकडे. म्हणाले, "या हातांनी मी डोले मिटून बसवायचो."

टाचण्या उचलायचं लोहचुंबक फरशीवर फिरवलं, स्प्रिंग सापडली. चिमट्याने बसवली, हुक लावते तशी. "तुजा हात चांगला हाय," म्हणाले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

रविवार, १२ जानेवारी

हब बंद केला आणि ताटलीत बेअरिंगचा एक छर्रा उरला. एकच! मेल्या, तू कुठला?

पुन्हा खोलला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ केला नाही. हब बसला.

शुक्रवार, १७ जानेवारी

झाकणातून मशीनचं तेल घातलं, चहाचा अर्धा चमचा. मागची दातेरी चकती पण बदलली. अठरा दात्यांची होती, सुयोगकडून बावीसची मागवून घेतली. त्याला सांगितलं मशीनला पाहिजे. आता पहिला गिअर एवढा हलका की लहान पोरानेही मारावा.

चाक फिरवलं. टिक टिक टिक टिक. हे खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

ही टिकटिक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरलाच. पहिल्याला गाडी एकदम गप्प. लग्नानंतर डोंगरीला सुलूवन्संकडे न्यायचे मला, मागे कॅरियरवर. चढ आला की टिकटिक बंद व्हायची आणि यांचा श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचे उतरू का? "बस गो गप, पैला गिअर हाय." कधी उतरू दिलं नाही.

पुन्हा न्यायचंय मला यांना डोंगरीला. कॅरियरवर नाही बसणार, मागून रिक्षाने येईन. पण न्यायचंय.

रविवार, १९ जानेवारी

अकरा मिनिटं! अकरा!! गल्लीतून तळ्यापर्यंत, देवळाला वळसा, परत. मी चपला हातात घेऊन मागे धावतेय, लोक हसतायत, हसा! देवळाच्या वळणावर यांचे पाय मध्येच थांबले, सायकल कलली. मी सीट धरली, मागून ओरडले, "मारा, मारा पायडल!" मग निघाले. गिअर अडकला असणार, हब नवाच बसलाय.

घरी आल्यावर चेहरा पांढराफटक. घाम. "बास," एवढंच म्हणाले. दमले असतील. मी साखर वाटली सगळ्या चाळीत. अंबिकाला दोनदा.

सोमवार, २० जानेवारी

संध्याकाळी पाचला यांना बसवायच्या आधी पायडल हाताने फिरवून बघितलं. दुसरा गिअर घसरतोय! टांग टाकली असती तर थेट आपटले असते.

हबमधून एक बारीक साखळी बाहेर येते, तिच्या टोकाला केबल. किती ताण द्यायचा ते तिथल्या नळीवर ठरतं, आणि नळी हलू नये म्हणून चेकनट. चेकनट सैल झाला होता. ताण गेला की गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये लोंबकळते, पायडल मोकळं. माझीच चूक. आवळला नसेल नीट.

हे म्हणाले, "रव्हं दे. उद्या बगू."

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी ताण बसवला. संध्याकाळी पुन्हा सैल.

बुधवार, २२ जानेवारी

तेच.

शुक्रवार, २४ जानेवारी

केबल नवी घातली. नळी नवी. चेकनट पान्याने एवढा आवळला की बोटाला वळ उठला. सकाळी दहा वेळा फिरवून बघितलं, घड्याळासारखं चालतंय. दुपारी मासळी बाजारात गेले, भात टाकला, चार ब्लाउजांना हुक लावले, आणि पाच वाजता पुन्हा तेच! गरागरा!

हे काही चिडत नाहीत. रोज विचारतात, "झाली का गो दुरुस्त?" मी म्हणते नाही. मान डोलावतात. "तू दमतेस," म्हणतात. मी दमते? मी वेडी होणार आहे!

सोमवार, २७ जानेवारी

पाच दिवस उरलेत. आज सीटवर डोकं टेकून रडले. नंतर सीटला चार बुक्के मारले. सायकल पडली, तिची घंटी वाजली, आणि आतून हे घाबरून हाका मारायला लागले, उठता येईना म्हणून नुसत्याच हाका. धावत गेले. "पडलीस का?" विचारतात. मी नाही हो, सायकल.

आठ दिवस सायकल नाही तर बघा! संडासला जायला काल वीस मिनिटं लागली. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा. डोळ्यांदेखत माणूस आटतोय. गावदेवीला काय काय बोलले ते लिहीत नाही. देवीला असं बोलू नये.

गुरुवार, ३० जानेवारी

नट आपोआप कसा सुटेल? डोकं चालवलं. लाल दोरा घेतला, बटणाचा, दुहेरी. चेकनट आणि नळीभोवती आठ वेढे, वर माझी काजाची गाठ. ही गाठ तेहतीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाची सुटलेली नाही. बघू आता कसा फिरतो मुडदा.

पाच वाजता बघितलं. दोरा गायब. नट सैल.

तुटला असता तर तुकडे मिळाले असते. अंबिकाच्या मांजरीने नेला? मांजर पान्याने नट सोडते का!

शुक्रवार, ३१ जानेवारी

कपडे भिजवताना यांच्या सदऱ्याच्या खिशात लाल दोरा. कात्रीने कापलेला. गाठ शाबूत.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज सगळं कळलं.

काल दिवसभर बोलले नाही यांच्याशी. मनात नुसती आग. सगळं गाव मला हसतंय, मी देवीशी भांडतेय, आणि हा माणूस माझ्या पाठीमागे नट सोडतोय! का? माझ्यापासून सुटका पाहिजे? मुलाच्या लिफ्टची हौस आलीय?

दुपारी पिशवी घेतली, मासळीला जाते म्हटलं, आणि तळ्यापाशी वळून परत आले. पडवीच्या जाळीतून बघितलं. हे खाली जमिनीवर, सायकलजवळ. खुर्चीपासून तिथवर कसे आले असतील, रांगत? गुडघे धुळीने भरलेले. दोन्ही हातांत पक्कड. पक्कड नटवर जायची, घसरायची. पुन्हा जायची, घसरायची. मोबाइल शेजारी फरशीवर, स्पीकरवर. सुलूवन्संचा आवाज, "अरे पन दादा, वैनीला सांग ना सरल."

हे म्हणाले, "कसा सांगू? पाय पायडलवर बी थांबतान आता. त्या दिवशी देवलाजवल थांबलं. तिना धरला म्हून, न्हायतर तलावात गेलो असतो. ती काय धावत व्हती सुले, चपला हातात... साखर वाटली तिनं. ती त्या चाकावर जगते हाय. चाक बिगडलंय तवर ती उद्याची वाट बगल. माजे पाय बिगडले म्हनलं तर काय दुरुस्त करल?"

मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं मी.

मागच्या मागे फिरले. खरंच बाजारात गेले. बोंबील घेतले, कसले घेतले तेही बघितलं नाही. येताना गल्लीच्या टोकापासून मोठ्याने बोलत आले, अंबिकाशी, रिक्षावाल्याशी, कुत्र्याशी. घरात शिरले तेव्हा हे खुर्चीत होते, धापा टाकत. गुडघे मी पुसले. "धूल कुटून आली कोनास ठाव," म्हणाले.

पाच वाजता पायडल फिरवलं. "घसरतेच मेली," म्हटलं.

रविवार, २ फेब्रुवारी

सुयोग आला, गाडी घेऊन. सुनेने, रुचिताने, डबा दिलेला. म्हणाला, "काय ठरलं?" मी म्हटलं, हबमधला एक पार्ट गेलाय, इंग्लंडहून यायचाय, दोन-तीन महिने लागतील. तोवर आम्ही इथेच. "आई, तू वेडी आहेस का?" हो म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते. पार्टबिर्ट काही गेलेला नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तरी म्हणाले, "इंग्लंडचा पार्ट, टाइम लागनारच."

संचिताला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. उद्यापासून खुर्चीत बसून करायचे व्यायाम शिकवते म्हणाली. व्हीलचेअरचं मीच विचारलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मासळीला निघायच्या आधी, हे चहा पीत असताना, चेकनट मीच सैल करून ठेवला, केबल लोंबलेली खुर्चीतून दिसेल एवढा. त्यांना जमिनीवर बसायला लागू नये.