आपल्या खात्याचं सिम

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या सासरच्या गावात एकच फोन होता, एस.टी. थांब्याजवळच्या दुकानात, आणि त्याची तार तुमच्याच टेलिफोन खात्याची होती. आता आमच्या एका घरात दोन फोन आहेत आणि तार कुठेच नाही. तार नसलेल्या यंत्राला तुम्ही फोन म्हणाला असता की नाही, मला शंका आहे. पण एक गोष्ट तुम्हाला विचारल्याशिवाय करू नये असं वाटतं. यांना विचारलं तर म्हणाले, "तुह्या बापाच्या खात्याचं हाय ते, तूच पाह्य."

गोष्ट सिमची आहे. हे नखाएवढं पान फोनमध्ये घालतात आणि ज्या कंपनीचं पान, तिच्या टॉवरवर फोन चालतो. आमच्या दोन्ही फोनमध्ये पहिल्यापासून सरकारी पान, ते मी हट्टानं घ्यायला लावलं. मध्ये एकदा दिरांच्या सांगण्यावरून खाजगी कंपनीचं घेऊन पाहिलं होतं. महिन्याच्या आत त्यात न मागता कुठलंसं गाणं येऊन बसलं आणि रोज पैसे कापू लागलं. ते काढायला फोन लावला तर एक बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणत राहिली, मी दाबत राहिले, आणि शेवटी तिनं मला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून सोडलं. वहीत 'गाण्याचे' असं लिहून ती रक्कम मांडताना मला लाज वाटली. तेव्हापासून मी म्हणत आले, आपलं खातं बरं, ते निदान न मागता काही देत नाही. त्यावर दीर म्हणाले, "खरं हाय वहिनी, रेंजही देत नाही." घरात न्हाणीच्या भिंतीवर फोन ठेवला तर लागतो, शेतात विहिरीजवळ. पाऊस आला की तेही नाही. "तुमच्या माहेरचं सिम भिजते काय?" हे मी दर पावसाळ्यात ऐकते.

मी ऐकून घ्यायची, कारण माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही असता. तुम्ही खांबावर चढला आहात, खांद्याला तो काळा जड फोन लटकतो आहे, मी खाली सायकल धरून उभी आहे. तुम्ही तारेला चिमटे लावता आणि एक्स्चेंजला म्हणता, "हॅलो, नांदुरा." मग खाली उतरून तो फोन माझ्या कानाला लावता. आतून कुणी बाप्या हसल्याचा आवाज येतो. मी घाईनं फोन तुम्हाला परत देते. घरी येताना पिशवीत रंगीत तारांचे तुकडे असायचे, केबलमधून उरलेले. दहावी पास झाले त्या दिवशी तुम्ही त्यांची मोठी जुडी दिली होती. तिची मी विणलेली परडी अजून देवाच्या फुलांना वापरते. पेढे आईनं आणले होते, पण मला जुडीच आठवते.

आणि ती दुपार. आपल्या घरी खात्याचा फोन होता, मी डाळ निवडत होते, घंटी वाजत होती आणि मी म्हटलं, हात झटकून उठेपर्यंत थांबेलच. थांबली. तुम्ही दारातून आत येत होता. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. म्हणालात, "घंटी काय शोभेची हाय? पलीकडे मानूस उभा असते." संध्याकाळी कळलं की तो फोन समोरच्या घरासाठी होता, त्यांची म्हातारी मलकापूरच्या दवाखान्यात वारली होती.

त्या बापाची मुलगी मी, आणि माझ्या घरात नियम काय, तर फोन वाजला की उचलायचा नाही. हा मिस कॉलचा रिवाज सगळ्या गावात आहे, पण आमच्याकडे तो मी पक्का बसवला. स्वयंपाक झाला की मी यांना घंटी द्यायची. यांनी फोन कापला म्हणजे ऐकलं, येतो. पोरीनं हॉस्टेलवर पोचल्याची घंटी द्यायची, मी कापायची. बोलणं झालं, पैसा गेला नाही. मला याचा अभिमान होता, बाबा.

यंदा कापसाचं वेगळंच झालं. ही बीटी पहिल्यांदा आली तेव्हा बियाणंवाले सांगत, आता फवारणीचा पंप माळ्यावर टाका. काही वर्षं तसं झालंही. यंदा बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. पंप खाली उतरले. एका औषधानं भागेना म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करू लागले, आणि कापसाची पऱ्हाटी अशी वाढलेली की माणूस आत शिरला की दिसत नाही, मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर येतं. त्या गुरुवारी हेही तेच मिसळून घेऊन गेले होते. मी पोथी वाचत होते. मागच्या दारानं शेजारच्या खाला धावत आल्या. त्यांची नि माझी सून म्हणून आल्यापासूनची ओळख.

"भाभी, भाईजान फवारे को गए क्या? पिंपळगाव के दो जनों को अभी जीप में डाल के खामगाव ले गए. दो दवा एक में मिलाए थे."

अध्याय अर्धा टाकून मी आजवर कधी उठले नव्हते. न्हाणीच्या भिंतीवरून फोन उचलला, लावला. यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर पहिल्याच घंटीला.

"अगे, उठाते काहे नहीं?"

"खाला, ते समजून राह्यले का सैंपाक झाला!"

खालांनी कपाळाला हात लावला आणि आपला फोन माझ्या हातात कोंबला. त्यांचं पान त्या खाजगी कंपनीचं, हायवेजवळ टॉवर आहे तिचं. यांनी लगेच उचलला. परक्या नंबरचा फोन कापत नाहीत ना.

"हालो, कोन?"

"मी हाय. पंप खाली ठेवा."

"हा कोनाचा नंबर हाय? सैंपाक झाला, कळलं न मले! एवढी एक टाकी मारतो अन् येतो."

"टाकी मारू नका, सांडून द्या! त्या औषधानं माणसं पडून राह्यली!"

"काऊन बोंबलून राह्य..." आणि आवाज गेला. मग तीच बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आम्ही दोघी शेताकडे पळालो. खाला चपलेविना. हे विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते, डोळे लाल, पण अंगावर पाणी ओतून घेतलेलं. म्हणाले, "तू कधी अशी वरडत नाही, म्हनून सांडलं." उलट्या दवाखान्याच्या रस्त्यात सुरू झाल्या. दोन दिवस सलाईनवर होते. डॉक्टर म्हणाले, आणखी एक टाकी मारली असती तर काही सांगता आलं नसतं. फोन लागला तो हे पंप भरायला विहिरीवर आले होते म्हणून. पऱ्हाटीच्या मधात असते तर कुणाच्याच फोननं लागला नसता, कारण यांच्या फोनमध्ये पान तुमच्या खात्याचं.

मिस कॉल मी त्याच दिवशी बंद केले. पानाचं मात्र ठरेना. बाजारातला मोबाइलवाला म्हणतो, "ताई, नंबर तोच राहते, फक्त कंपनी बदलते. लग्नात आडनाव बदलते, बाई तेच राहते, तसं." मी म्हटलं, "बाई तेच नाही राहत, भाऊ," आणि विचार करते म्हणून निघाले. खात्याला मी दोष देत नाही. मला वाटत राहतं, तार तुटल्यावर भर पावसात खांबावर चढणारं कुणी राहिलं नसेल, बाकी काय. पण फवारणी अजून संपलेली नाही, हे शेतात जायचे थांबत नाहीत, आणि मला हे फोनवर लागले पाहिजेत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तुमच्या फोटोमागे ठेवीन. तुम्हाला विचारते आहे असं म्हणत मी इतकं लिहिलं, पण खरं सांगते, यांचं सिम मी मोबाइलवाल्याच्या दुकानातून दहा पावलं गेले असेन तोच परत फिरून बदलून घेतलं. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली, म्हणून आधी बदललं आणि मग लिहायला बसले.