भिंतीवरचं पाणी

१२ फेब्रुवारी १९७३

कापसाच्या जिनिंगच्या खिडक्या आज बुजवल्या. पोती, त्यांवर डांबर. अकराला दार ओढून घेतलं आणि मला माझा हात दिसेना. वीरप्पा अंधारातून म्हणाला, 'आता बरोबर. नळदुर्गात दुपारी रात्र.'

वीज अकरा ते चार. रात्री नसतेच. म्हणून वीरप्पाचा हा गाण्या-रंगांचा क्लब दिवसा चालणार. त्याच्या वडिलांनी, महालिंगप्पांनी, दोन वर्षांत कापसाचं बोंड पाहिलेलं नाही. जिनिंगची किल्ली त्यांनी पोराकडे टाकून दिली. हे पोरगं पुण्याला शिकायला गेलं होतं. केस वाढवून आलं – आणि बरोबर एक गोरा, एक गोरी, रेकॉर्डी, छातीएवढे दोन स्पीकर. त्या दोघांची गाडी हैद्राबाद रस्त्यावर मोडली ती मोडलीच.

मला का बोलावलं? वीरप्पा म्हणे, 'गुरुजी, तुम्ही कविता शिकवता. कुठं थांबायचं ते तुम्हाला कळतं.' दुष्काळामुळे शाळा सकाळची. दुपार मला खायला उठते. हो म्हणालो.

१९ फेब्रुवारी

माझं काम शिकलो. प्रोजेक्टरच्या दिव्यावर बशीसारखी एक काच. तिच्यात दोन चमचे पाणी, थोडं करडईचं तेल, सोलापूरहून आणलेला चादरींचा रंग. वर दुसरी काच ठेवायची आणि ठेक्यावर अंगठ्यानं दाबायची. समोरची अख्खी भिंत हलू लागते. निळं फुगतं, फुटतं, वाहतं.

तात्याराव गोंधळी संबळ घेऊन आले आहेत. गोऱ्याच्या गिटारीवर संबळ! ते म्हणाले, 'आईचा गोंधळ रातीचा असतो गुरुजी. ही कसली रात, अजून जेवान जिरलं न्हाय.' पण वाजवलं. अंगावर काटा आला.

३ मार्च

पुण्याची पोरं मोटरसायकलींवर आली. सोलापूरचीही. गोरा त्यांना साखरेचे खडे देतो, खड्यावर कसला तरी थेंब. मग ती पोरं चार वाजेपर्यंत उताणी पडून असतात. मी घेतलेला नाही. घेणार नाही.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत सावलीला दाराशी येत. आज वीरप्पानं त्यांना आत घेतलं. बिनदुधाचा चहा दिला, खडा नाही. मी काच दाबली. भिंतभर पाणी.

 किल्ल्यातले नर-मादी धबधबे दोन वर्षं कोरडे आहेत. एक म्हातारी उठली, भिंतीशी गेली, ओंजळ धरली. ती ओंजळ तिनं नातवाच्या डोळ्यांवरून फिरवली. नातू दचकून म्हणाला, 'गार!'

४ मार्च

आज पन्नास बाया.

९ मार्च

चांगुणा नावाची एक आहे. विशीतली. तिचा नवरा आबाराव संक्रांतीनंतर विहीर खोल करायला उतरला आणि वरून दरड आली. तीन दिवस उपसलं, पुन्हा ढासळलं. सरकारी माणूस म्हणाला, अजून जीव घालवू नका. विहीर तशीच ठेवली. हे सगळं गावाला माहीत आहे.

ती कुंकू लावते. सासू मालनबाई मागे लागली आहे – प्रेत नाही तर दर्भाचा माणूस करून जाळू या, पोरगं खाली अडकलंय, सुटू दे. चांगुणा ऐकत नाही. 'जाळल्यावर त्यो आला, तर कुठं यील?' असं तिनं भर कामावर विचारलं म्हणे. 

आज ती भिंतीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, 'त्यो.'

तिथं माझ्या अंगठ्याचा डाग होता. दाबलं की तेल फाटतं आणि मधे काळं दिसतं. डोकं, दोन हात म्हणायचं तर म्हणावं.

१० मार्च

पुन्हा अंगठा तिथंच ठेवला. मुद्दाम. कशासाठी ते लिहीत नाही.

२१ मार्च

ती भिंतीतल्या विटांचे थर मोजते. खडी फोडणाऱ्या हातांना मोजायची सवय असते. परवा तो चौथ्या थराला होता, आज नवव्या. अंधारात माझ्याजवळ येऊन अगदी साधेपणानं म्हणाली, 'गुरुजी, त्यो वर चढतुय.'

घरी येऊन विचार केला. प्रोजेक्टरचं टेबल कललेलं आहे. काचेत जे खाली सरकतं ते भिंतीवर उलटं, वर जाताना दिसतं. बस्स. एवढंच आहे.

२२ मार्च

टेबलाच्या पायाखाली विटेचा तुकडा सारला. पाणसळ लावून पाहिली. सपाट.

अकरावा थर.

९ एप्रिल

क्लबची आता कीर्ती झाली आहे. मुंबईची एक गाडी, हैद्राबादच्या दोन. ढाब्यावरचे ट्रकवाले 'रातवाली जिनिंग' म्हणून पत्ता सांगतात. वीरप्पा हवेत आहे. भिंत सगळ्यांनाच दिसते, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो. पुण्याच्या एकानं फक्त आग पाहिली. गोरीला तिची आई दिसली, ती रडत बसली.

बाया मात्र एकच गोष्ट सांगतात. आता सगळ्याच मोजतात. चांगुणा नुसता चहा पिते, कामावर मिळालेली सुकडी पोरांना वाटून टाकते, आणि बघते. हाडं दिसायला लागली आहेत तिची.

खडीच्या कामावरचा मुकादम येऊन गेला. सुट्टीनंतर बाया कामावर परतत नाहीत, मस्टर रिकामं जातं. वीरप्पानं त्याला आत बसवलं. तोही चारलाच बाहेर आला. दारात बूट घालत हळूच म्हणाला, 'एकविसावा.'

२८ एप्रिल

मालनबाई शाळेत आली. बाहेरच उभी राहिली, वर्गातली पोरं बघायला लागली. म्हणाली, सून जेवत नाही. म्हणते तो वर आल्यावर दोघं जेवू. तुम्हीच ते काय ते दाबता ना, मग तुम्हीच थांबवा.

बरोबर आहे. ही बाई उपाशी मरेल, आणि ते माझ्या अंगठ्यामुळे. ठरवलं. काचेला हात लावायचा नाही. डाग पडणार नाही, तिला दिसणार नाही, संपेल.

२ मे

हात मांडीखाली घेऊन बसलो. कुणाला दिसलं नसावं. संबळ सुरू झालं. रंग नुसता तरंगत होता, मंद, आकार नसलेला. मला बरं वाटलं.

मग तो आला. तिसाव्या थराला. मी हात काढून पाहिले – दोन्ही माझ्याजवळ होते. काच मोकळी होती. तो एक हात वर टाकी, थांबे, दुसरा टाकी. चढणारा माणूस थांबतो तसा. मला त्याची पाठ दिसली. उजवा खांदा खाली झुकलेला.

तो प्रकाशाच्या कडेला पोचला. पुढे भिंत काळी होती. तरी तो तिथंही दिसत राहिला. तुळईपर्यंत गेला.

चांगुणा म्हणाली, 'निघाला.'

त्याच क्षणी वीज गेली. बाहेर रस्त्यावर ट्रकचा ब्रेक. खडा घेतलेलं पुण्याचं एक पोरगं उन्हात धावत सुटलं होतं.

३ मे

पोरगं ट्रकखाली गेलं. फौजदार आले. गोरा-गोरी पहाटेच पायी निघून गेले होते, येडशीकडे म्हणतात. वीरप्पाला नेलं. स्पीकर, प्रोजेक्टर, काचा – सगळं पोत्यांत भरलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. दाराला लाखेचं सील.

६ मे

खिडक्यांवरची पोती काढली. आत ऊन. मी बाहेरून डोकावलो. साधी भिंत. विटा मोजल्या. तुळईपर्यंत छत्तीस.

तात्याराव पारावर भेटले. विचारलं, आबारावाला तुम्ही ओळखत होता? म्हणाले, 'चांगला. पखाल वाहायचा ल्हानपनी. उजवा खांदा पडल्याला व्हता बगा.'

हे मला माहीत नव्हतं. आबारावाला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

१४ मे

मालनबाई सुनेला घेऊन घरी आली. चांगुणा उंबऱ्यात बसली. चार वेळा पाणी विचारलं, घेतलं नाही. मग म्हणाली,

'गुरुजी, शेवटल्या दिशी तुमचा अंगठा काचंवर व्हता का न्हवता? तुमी शिकल्याली मानसं. सांगाल ते मानते म्या.'

सासू माझ्याकडे बघत होती. सुनेच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. 'नव्हता' म्हणालो तर ही आणखी वर्षभर उपाशी वाट बघेल. आणि कशाची?

मी म्हणालो, होता.

'मंग त्यो तुमी काडला व्हता.'

हो. मीच.

 तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. मालनबाईनं हंबरडा फोडला. चांगुणा रडली नाही. जाताना म्हणाली, 'लई बेस काडला व्हता.'

२१ मे

दर्भाचा माणूस जाळला. मी गेलो होतो. वीतभर उंचीचा. लगेच जळाला.

३० मे

चांगुणा कामावर जाते. जेवते, असं मालनबाई म्हणाली. माझे पाय धरायला वाकली. मी मागे सरलो.

१८ जुलै

जिनिंगमधे सरकारी कडबा. वीरप्पा जामिनावर सुटला, केस कापलेले. रस्त्यात भेटला, मान वळवून पुढे गेला. अंगठ्याचा निळा रंग अजून जात नाही. राखेनं घासला, रॉकेलनं घासला.

४ फेब्रुवारी १९७४

सोसायटीनं आबारावाची ती विहीर पुन्हा काढायला घेतली आहे. महिनाभर लागेल. हाडं निघाली तर निदान नीट माती देता येईल, असं सगळे म्हणतात. मीही म्हणालो.

७ मार्च

तळ लागला. खालचा खडक धुऊन काढला. टोपली, पहार, त्याचं मुंडासं. माणूस नाही.

चांगुणा काठावर उभी होती. कोऱ्या कपाळानं. ती विहिरीत बघत नव्हती. माझ्या अंगठ्याकडे बघत होती.