लेहच्या राजवाड्याला पायऱ्या किती

कोल्हापूर,
रविवार, सकाळ

श्री. धैर्यशीलराव यांस,
आकाराम दाजींचा नमस्कार.

मी इकडे सुखरूप आहे असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची तब्येत कशी आहे, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, शाहूवाडीकडे लावण कुठवर आली, हे सगळं कळवावं. न कळवलंत तरी चालेल, कारण गेले सोळा दिवस तुम्ही मला काहीच कळवत नाही. मी फोन केला की "अक्का झोपलीया, दाजी" एवढंच सांगता. सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, परवा तर मागं तिचाच आवाज येत होता आणि तरी झोपलेली. चाळीस वर्षांच्या संसारात तुमच्या बहिणीला दिवसा आडवं झालेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा एक तर तिला माहेरी जाऊन झोपेचा आजार जडला आहे किंवा तुम्हाला खोटं बोलता येत नाही. (दुसरं असेल तर बरंच आहे. आपल्या दोघांपैकी एकाला तरी ते येऊ नये.) म्हणून हे पत्र. पत्राला झोपलीया म्हणून सांगता येत नाही.

तिकडे लेहच्या सहलीची एकच बाजू ऐकली गेली असणार, आणि सांगणारी तुमची सख्खी बहीण असल्यामुळे ती तुम्हाला खरी वाटत असणार. माझी बाजू अशी की या सगळ्याला आमची लेक क्रांती जबाबदार आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिनं पुण्यात बसल्या बसल्या फोनवर बोटं फिरवली आणि आम्हा दोघांना लेहला पाठवायचं ठरवलं. विमान, हॉटेल, गाडी आणि वर फक्त आम्हा दोघांसाठी एक स्वतंत्र गाइड. मी विचारलं, मला गाइड कशाला? ती म्हणाली, बाबा, तिथला इतिहास समजावून सांगायला. धैर्यशीलराव, मी हायस्कुलात बत्तीस वर्षं ड्रिलमास्तर होतो हे खरं, पण कोल्हापुरात आमच्याकडे आलेला एक पाहुणा मी पन्हाळा दाखवल्याशिवाय परत पाठवलेला नाही. तुमच्या लग्नानंतर तुम्हा उभयतांना भर वैशाखात बारा वाजता सज्जाकोठीवर कुणी नेलं होतं? (वहिनींना तेव्हा उलट्या झाल्या त्या पित्ताच्या होत्या, माझ्या माहितीमुळे नव्हे.) मी पुढं काठी घेऊन, पाहुणे मधे, आणि सगळ्यात मागं तुमची बहीण, भाकरीची पिशवी आणि पाण्याची कळशी घेऊन. चाळीस वर्षं हाच क्रम. तिनं कधी एक प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, तिला सगळं समजतं आहे.

तर लेह. साडेअकरा हजार फूट. विमानतळावर हातात पाटी घेऊन एक मुलगी उभी. नाव डोल्कर, उंची माझ्या खांद्याइतकीही नाही, आणि ही आमची गाइड. तिनं पहिलं वाक्य काय बोलावं? "अंकल, आज सिर्फ आराम." दोन दिवस पडून राहायचं, पाणी प्यायचं, जिना चढायचा नाही, जोरात बोलायचंसुद्धा नाही. (कोल्हापूरच्या माणसाला.) तुमच्या बहिणीनं मान डोलावली, खोलीत गेली, पांघरूण ओढलं आणि पडून राहिली. आता मी तालमीतला माणूस. गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध पिऊन वाढलेलं हे अंग. आराम हा शब्द आमच्या वस्तादांच्या तोंडी फक्त हाड मोडलेल्यांसाठी असायचा. शिवाय बाहेरगावची हवा अंगाला लावून घ्यायची तर पहिल्या दिवशी घाम काढायचा, हे आम्ही सांगली-मिरजेच्या मैदानांपासून शिकलेलो. मी हॉटेलच्या गच्चीवर गेलो आणि पन्नास जोर आणि शंभर बैठका मारल्या. म्हणजे जोर पन्नास पुरे झाले. बैठका चौसष्टपर्यंत मोजल्याचं आठवतं. गुजरातेतलं एक कुटुंब फोन धरून माझं चित्रीकरण करत होतं आणि टाळ्या वाजवत होतं. टाळ्या वाजल्यावर थांबणं आमच्यात नाही.

पुढचं तुम्ही ऐकलंच असेल. डोकं असं ठणकायला लागलं की आत कुणीतरी हलगी घेऊन बसला आहे असं वाटावं. तरी तिसऱ्या दिवशी राजवाडा बघायला मी निघालो, आणि सवयीनं पुढं निघालो. डोल्कर मागून सांगतेय की अंकल, धीरे. मी तिला सांगतोय की मुली, आम्ही जोतिबाचा डोंगर न थांबता चढतो. जुन्या गावातल्या त्या मातीच्या बोळातून वर पाहिलं तर राजवाडा नऊ मजली, ऐन डोंगराच्या कडेवर, आणि माझ्या डोळ्यांपुढं एकाला दोन झालेले. पहिली पायरीसुद्धा अजून पुढंच होती. एका गाढवाशेजारी मी बसलो (ते आधीपासून तिथं उभं होतं, मी त्याला बोलावलं नव्हतं) आणि मग डोल्करनं नाकाला ऑक्सिजन लावला. ज्या मुलीला मी इतिहास शिकवणार होतो तिच्या आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून मी गाडीपर्यंत आलो. डॉक्टरनं तपासलं, चार दिवस खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि "पहिल्या दिवशी काय केलंत" असं विचारलं. तुमच्या बहिणीनं सांगितलं. डॉक्टर माणूस सभ्य, खिडकीकडं तोंड करून हसला.

आता इथं तुम्ही नीट वाचा. तुमची बहीण मला सोडून फिरायला जायला तयार नव्हती. मीच तिला म्हणालो, जा, निदान तू बघून ये आणि मला सांग. (हे ती तिकडे सांगत असेल तर ठीक, नसेल तर मी सांगतो.) म्हणून ती गेली. साठ वर्षांची बाई, पायात आपल्या चपला, वर मोजे, पदर डोक्यावरून गच्च बांधलेला, आणि शेजारी ती डोल्कर. राजवाडा, त्याच्या वरच्या टेकडीवरची गोंपा (म्हणजे तिकडचा बौद्ध मठ), जुनी पेठ, बाजारातली मशीद, सगळं चार दिवसांत. चालली म्हणे सावकाश, प्रत्येक वळणावर थांबत, शेतात बांधावरून चालावं तशी. आणि चाळीस वर्षांत तोंड न उघडलेल्या बाईनं तिथं प्रश्न विचारले. एवढ्या वर पाणी कोण आणायचं? दाणागोटा कुठल्या मजल्यावर? चूल कुठं होती, आणि धूर जायचा कुठून? डोल्कर म्हणाली, आण्टी, राजांची नावं सगळे विचारतात, पाणी कुणी आणलं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीच घरी जाऊन आजीला विचारून येते. दुसऱ्या दिवशी विचारून आली. मग तिनं आमच्या सौभाग्यवतींना घरी नेऊन लोण्याचा खारा चहा पाजला. मला तो वासानंच नको झाला होता. ही म्हणे तीन वाट्या प्याली आणि चौथी मागितली.

रोज संध्याकाळी खाटेच्या कडेला बसून ती मला सगळं सांगायची. तुळया कुठल्या लाकडाच्या, भिंती खाली जाड आणि वर बारीक का, कुठल्या मजल्यावर वाकून जावं लागतं. चांगलं सांगते हो तुमची बहीण. मला माहीत नव्हतं. ती म्हणाली की राजवाड्याच्या गच्चीवरून आपलं हॉटेल दिसतं, मी तुम्हाला हात केला, दिसला का? मी हो म्हणालो. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो.

असो. परत आलो. आमच्या गल्लीत परगावी जाऊन आलेल्या माणसाला तालमीच्या कट्ट्यावर बसून हकीकत सांगावी लागते, ही पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आणि इथं म्हशीनं शर्यत जिंकली तरी फ्लेक्स लागतो, तेव्हा माझाही लागला. तालमीचा अध्यक्ष सम्राट, त्याचंच फ्लेक्स छापायचं दुकान, त्याला निमित्त लागत नाही. माझा फेट्यातला फोटो, मागं राजवाडा. त्यावर सम्राटनं जे लिहिलं ते सम्राटनं लिहिलं. त्यात थोडा तपशिलाचा घोळ झाला. तुमची बहीण मंडईतून मेथी घेऊन येत होती, चौकात थांबली, बोर्ड वाचला, घरी आली, मेथी निवडली, भाजी केली, माझं ताट वाढलं, आणि दुपारच्या एसटीनं तिकडे आली. एका बोर्डावरून. आमच्या गल्लीतल्या बोर्डांवर कुणी विश्वास ठेवायला लागलं तर इथं प्रत्येक घरात एक भावी आमदार आहे.

माझं म्हणणं एवढंच की माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये. इकडे मी माझं माझं करून खातो. कालचा भात आज चालतो. तिला मुद्दाम काही सांगायची गरज नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
आकाराम दाजी

ता. क. पत्र परत वाचलं. तपशिलाचा घोळ म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल, म्हणून लिहितो. बोर्डावर असं होतं: "पत्नी आजारी पडली असतानाही न डगमगता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लेहचा राजवाडा सर करणारे आमचे मार्गदर्शक." हे सम्राटला कुणी सांगितलं, तर मी. कट्ट्यावर वीस-पंचवीस जण बसलेले, "मास्तर, राजवाडा कसा हाय?" म्हणून कुणीतरी विचारलं आणि मी सांगत सुटलो. पाणी कोण आणायचं, दाणागोटा कुठं, धूर कुठून जायचा. शब्द न् शब्द तिचा. लोक माना डोलवत होते. मग सम्राटनं विचारलं, "आन् वैनी कुठं हुत्या?" धैर्यशीलराव, आम्ही दोघंच गेलो होतो. डॉक्टरच्या गोळ्या पिशवीतून बाहेर दिसत होत्या. एक जण राजवाड्याच्या गच्चीवर होता म्हटल्यावर दुसऱ्याला खाटेवर पडणं भागच होतं. मी तिला खाटेवर घातलं. पाठीवर घेऊन खाली आणलं असंही म्हणालो. मला लाज वाटते.

ता. क. २. जाताना ती भांडली नाही. पिशवी उचलून दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पायऱ्या किती हुत्या?" मला सांगता येईना. ती सावकाश चढली होती, तिनं मोजल्या होत्या. बाकीचं सगळं तिनं खाटेशी बसून सांगितलं पण आकडा सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल आणि मी ऐकला नसेल. मग मी डोल्करला फोन केला. ती म्हणाली, अंकल, आम्ही रोज चढतो, मोजत नाही. आण्टींनी मोजल्या होत्या, त्यांनाच विचारा. मात्र तिनं एक फोटो पाठवला. राजवाड्याच्या गच्चीवर तुमची बहीण, माझी झुंबर, उभी आहे, वाऱ्यानं पदर सुटलेला, आणि एक हात वर केलेला.

ता. क. ३. माझा बोर्ड मी मंगळवारी उतरवला. त्याच जागी दुसरा लावून घेतला आहे, त्या फोटोचा. सम्राट विचारत होता की वैनी हात कुणाला करत्यात, मी त्याला शिडी धरायला लावली. नव्या बोर्डावर मजकूर असा आहे: "लेहचा नऊमजली राजवाडा ....... पायऱ्या चढून पाहिल्याबद्दल सौ. झुंबरबाई यांचं अभिनंदन. शुभेच्छुक: आकाराम मास्तर (मुक्काम हॉटेल, खाटेवर)." आकड्याची जागा मोकळी आहे. सम्राट म्हणाला, मास्तर, कायतरी टाकू, कोण मोजायला जातंय? मी नको म्हणालो. आता पाच दिवस चौकातून जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि मला विचारतो, किती पायऱ्या? मी सांगतो, मला माहीत नाही, मी खाली होतो.

तेवढा आकडा तिला विचारा. चिठ्ठीवर लिहून दिला तरी चालेल. तिला स्वतः येऊन सांगायचा असेल तर मी शिडी आणि रंग घेऊन चौकात थांबतो. सकाळी अकराला विचारा, तेव्हा ती जागी असते.