नमुना क्रमांक नऊ

जऊळका, मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा तिचा व्यसन आणि एचआयव्हीवरचा प्रबंध शुद्धलेखन तपासायला घेऊन आली. त्यात 'नमुना क्रमांक नऊ': नशेच्या सुईतून लागण, शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ. अरे, हा तर तिच्याच वर्गातला प्रकाश! काय गोड चालीत म्हणायचा.

"माणसाले नमुना म्हन्तं काय वं?" मी ओरडलो.

"गुरुजी, नाव लिहिलं तर गाव जगू देईन काय त्याले? अन् भर वर्गात तुमीच त्याले नमुना म्हनत होते."

म्हणायचो खरा. पोरं हसायची. तोही हसायचा.

संताप आता माझाच मला. 'नमुना' तसाच ठेवला. कवितांची ओळ मात्र लाल पेनानं खोडली. त्या ओळीवरून मी त्याला ओळखलं, तर गावही ओळखेल.