अनाहत नावाचा डबा

॥ श्री ॥

जळगाव
चैत्र वद्य पंचमी, शके १९४७

शब्द उमटण्याच्या आधी जो होता आणि शब्द विरल्यानंतरही जो उरतो, त्या नादरूप परमेश्वराच्या कृपेला प्रथम वंदन करून हे पत्र लिहावयास घेतले आहे.

चिरंजीव तेजस यास नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मातोश्री मंजुळाबाई यांचे गुडघे आता कसे आहेत? धुळ्याचे ऊन जळगावइतके निर्दय नसले तरी त्यांनी दुपारचे गच्चीवर जाऊ नये, असे सांग. तुझ्या काकूंनी कुरडया घातल्या. दरवर्षीप्रमाणे तुझ्या वाटणीची पिशवी बाजूला काढली, मग काही आठवून ती परत मोठ्या पातेल्यात ओतली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो पिशवी पुन्हा भरून ठेवलेली.

इकडे सर्व क्षेम आहे. पत्रात असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहिले. तूही ते प्रघात म्हणूनच वाचावे.

पत्रास कारण आमचा नवल. त्याच्याविषयी तुला एक गोष्ट सांगावी असे फार दिवस मनात आहे, आणि ती कोणालाही सांगणार नाही अशी शपथ त्याने माझ्याकडून देवघरात समईपुढे घेतली आहे. शाळेत मी तुम्हा मुलांना संस्कृत शिकवले, आणि त्या निमित्ताने वचनासाठी राज्य सोडणाऱ्यांच्या कथा सांगितल्या. त्या कथा सांगणे किती सोपे होते, हे आता कळते. म्हणून मी असे ठरवले आहे, की जे सांगायचे नाही ते सांगणार नाही. माझ्यादेखत घडले तेवढेच लिहीन. हा मार्ग धर्माचा की पळवाटेचा, याचा निर्णय मला झालेला नाही.

तुम्ही दोघांनी आमच्या वरच्या खोलीत तो ॲम्प्लिफायर बनवायला घेतला, तेव्हा मला त्यातले काही कळत नव्हते. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, आत गणित चालते, आणि दुसऱ्या बाजूने जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांसारखा आवाज बाहेर येतो, असे तू मला पानसुपारीचे तबक पुढे घेऊन समजावले होतेस. त्याचे 'अनाहत' हे नाव मीच सुचवले. कोणी आघात न करता उमटणारा नाद, असा त्याचा अर्थ. पण लग्नाच्या बँडवाल्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हटले, आणि तुम्हीही म्हणू लागलात.

त्या डब्याभोवती फोनवर केवढे मंडळ जमले! भुसावळचे रेल्वेतले गार्ड, साक्रीच्या चर्चमधली मुले, परदेशातले कोण कोण. आवाजाची एखादी चांगली बसवणूक सापडली की तिला गावाचे नाव देऊन हे लोक ती सर्वांना वाटून टाकत. नवा माणूस अडला तर दहा जण धावत. नवलचा फोन जेवतानाही कानाला असे, आणि तुझ्या काकू ओरडत, "अरे, भाकरी खा आधी, मग त्यांची दुखणी ऐक."

गेल्या वर्षापासून तो फोन घेत नाही. सर्वांना लेखी उत्तर देतो, उशिरापर्यंत बसून, एकेकाला सविस्तर. मंडळात कोणी लिहिले, "साहेब मोठे झाले, आता बोलत नाहीत." त्याने तेही वाचले आणि त्या माणसाच्या शंकेचे उत्तर लिहून पाठवले.

त्याच सुमारास तू सर्वांसमोर लिहिलेस, "नवल, वरचे सूर टोचतात. आधी स्वतःचे कान तपासून ये, मग अपडेट दे." त्याने तुला मंडळातून काढून टाकले. तू ते थट्टेने लिहिले होतेस, हे मला ठाऊक आहे. ते त्याला थट्टा का वाटले नाही, हे तुला तेव्हा कळणे शक्य नव्हते. त्याची समजूत अशी झाली की तुला सर्व माहीत आहे, आणि माहीत असूनही तू चारचौघांत हसलास.

माघात मी आणि नवल नाशिकला एका डॉक्टरांकडे जाऊन आलो. कशासाठी, ते लिहीत नाही. त्यांनी बराच वेळ तपासले आणि शेवटी औषध लिहून दिले नाही. परतताना बस धुळ्याच्या स्थानकावर थांबली. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी म्हणालो, "तेजसचं घर इथून जवळच आहे, उतरायचं का?" त्याची नजर बाहेरच राहिली. पुन्हा, मोठ्याने म्हणावे, तर बस माणसांनी भरलेली. पारोळा येईपर्यंत मी जपमाळ हातात धरून होतो. एक मणीही पुढे सरकला नाही.

आता कामाची रीत अशी झाली आहे. तो पडद्यावरच्या आलेखांकडे पाहून आवाज बसवतो, आणि मग मला बोलावतो. "नाना, ऐका. कसं वाटतं?" जन्मभर कीर्तनात बसलेला माणूस मी, माझ्या भाषेत सांगतो. हा ओल्या लाकडासारखा आहे, हा पितळेच्या घंगाळात बोलल्यासारखा. तो ते लिहून घेतो आणि त्याचे आकडे करतो. मी बोलत असतो तोवर त्याचा तळवा डब्याच्या पाठीवर पालथा ठेवलेला असतो. मला धन्य वाटत असे. एवढ्या वयात मुलाच्या कामी येतो आहे, याचा अभिमानही झाला होता. तो पारोळ्याच्या भाईदासने उतरवला.

भाईदास तुझ्या ओळखीचा आहे. वरातीत गाडीवर उभा राहून गिटार वाजवतो तो. नवी सुधारणा चाचणीसाठी आधी त्याच्या डब्यात घातली होती. गेल्या आठवड्यात तो डबा काखोटीला मारून थेट वरच्या खोलीत आला.

"नाना, हाऊ डबा आते वाजत नही, हाऊ टोचस," तो म्हणाला. "वरातमा नवरदेवनी घोडी बिचकी गई. बठ्ठा लोके माले हासनात."

त्याने वाजवून दाखवले. मी म्हटले, "मला तर गोड वाटतंय."

"तुमले गोडच लागी, नाना. या वयमा वरना सूर कोणले आयकू येतस? मना बापले कुकरनी शिट्टी आयकू येत नही, माय वरण करपाडस." तो मनापासून हसला, आणि नवलकडे वळला. "पन नवलभाऊ, तुमले तं येस ना?"

नवल आमच्याकडे पाठ करून पडद्यासमोर बसला होता. भाईदासने पुन्हा विचारले. नवल तसाच बसून राहिला. मी उठून त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा तो वळला, भाईदासच्या ओठांकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "आलेख बरोबर आहे, भाईदास. हे बघ."

भाईदासचे हसणे थांबले. त्याने वायर काढून हळूहळू गुंडाळली. "राहू द्या, नवलभाऊ. मी सांभाळी लिसू." जाताना तो माझ्या पाया पडला, एरवी पडत नाही.

माझ्या कानांविषयी मी शपथ घेतलेली नाही, म्हणून ते स्पष्ट लिहितो. दुसऱ्याच दिवशी येथल्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घेतली. वरचे सूर मला मुळीच ऐकू येत नाहीत. कधीपासून, ते सांगता येत नाही. वयाचे आहे, ते म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे त्या खोलीत एका नादाची परीक्षा करायला आम्ही दोघे बसत होतो, आणि ज्यांच्या भरवशावर तो आवाज बसवत होता ते कान माझे होते.

नवलला मी हे त्याच रात्री कागदावर लिहून दाखवले. त्याने वाचले, आणि फोन माझ्यापुढे धरला. भाईदासने घरी पोहोचल्यावर मंडळात लिहिले होते, "डबा एक नंबर शे. मनीच गिटार खराब व्हती." त्याच्याखाली इतरांनी अभिनंदन केले होते. एका बाईंनी टोचते म्हणून तक्रार केली, तर भाईदासच त्यांच्यावर रागावला होता. नवल म्हणाला, "नाना, तुमचं वय झालं, पण भाईदास तिशीतला आहे. तो ठीक म्हणतो ना? मग ठीक आहे."

मी भाईदासला फोन केला. तो म्हणाला, "नाना, त्या माणूसना तोंडवर मी कसं सांगू? तुम्हीच सांगा." दया म्हणून एकाने केलेल्या गोष्टीने दुसऱ्याचा मार्ग असा बंद होतो, हे मी कोणत्याच प्रवचनात सांगितलेले नव्हते.

अक्षय तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आदल्या दिवशी ती सुधारणा सर्वांच्या डब्यांत जाणार आहे. आखाजीला खान्देशात लग्ने किती असतात, ते तुला सांगायला नको. मला चिंता डब्याची नाही. त्या दिवशी शेकडो लोक एकदम लिहितील, आणि तुझे वाक्य तेव्हा त्याला सर्वांच्या तोंडून वाचावे लागेल. त्याच्याजवळ या कामाखेरीज दुसरे काही उरलेले नाही.

रोज पहाटे मी प्रार्थनेला बसतो. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी, असे मी लोकांना अनेक वर्षे सांगत आलो. ज्याची पहिली पायरीच देव काढून घेतो त्याने कोठून चढावे, हे विचारायला बसतो आणि न विचारता उठतो.

नवलला आजवर फक्त तूच कडू बोललास, म्हणून तुझेच त्याला खरे वाटेल असे मला वाटते. चुकतही असेन. तो तुला जिन्यावरूनच परत पाठवील, असेही होईल. तू आलास तर तो मला विचारेल, "नाना, तुम्ही सांगितलंत?" मी नाही म्हणेन. ते खरे असेल, आणि त्याच्या डोळ्यांकडे मला पाहवणार नाही. ये, असे मी लिहू शकत नाही, कारण का ये हे लिहू शकत नाही.

तरी आलासच, तर दार वाजवत उभा राहू नकोस. ते उघडेच असते. पाठीमागून हाक मारू नकोस. वळसा घालून त्याच्या समोर जा, खिडकीचा उजेड तुझ्या तोंडावर पडेल असा उभा राहा, आणि सावकाश बोल.

हे अक्षर ज्या ज्या कोणाच्या नजरेखालून जाईल, त्या सर्वांच्या कानी आपल्या माणसाची हाक अखेरपर्यंत पडत राहो. आणि ज्याला ती पडत नसेल, त्याच्या समोर येऊन उभे राहणारे कोणीतरी त्याला लाभो.

शपथेत राहिलेला,
तुझा नाना